कलम अकरा

भिंत ओली आहे, असं मी पहिल्यांदा म्हटलं
तेव्हा खळदकर म्हणाले, "ओली नाही हो, गार आहे.
धनकवडीत हवाच गार."

जुलैत मी डागाभोवती पेन्सिलनं रेघ ओढली,
बाजूला तारीख घातली.
पंधरा दिवसांनी दुसरी रेघ, पहिलीला पोटात घेऊन.
दाराच्या चौकटीवर शर्वूची उंची मांडते तशीच.
फक्त शर्वू वर वाढत होती
आणि हा चोहीकडे.

गणपतीपर्यंत त्याला लव फुटली.
बोट लावलं की करारावर अंगठा उठवल्यासारखी शाई.
लोखंडी कपाट सरकवलं तर मागे त्याचा अख्खा संसार,
आणि माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीवर
कुठल्याच विणकरानं न विणलेली हिरवी बुट्टी.
शर्वू रात्री खोकायची, उठून बसायची,
बसल्या बसल्या झोपायची.
डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या आधी विचारलं,
"घरात ओल आहे का?"
हो म्हणाले.
इतका साधा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

खळदकरांचे मेसेज:
खिडक्या उघड्या ठेवा.
कपडे आत वाळत घालू नका.
कुकरची वाफ फार होते का तुमच्याकडे?
आधीच्या लोकांची कधी तक्रार नव्हती.
आधीचे कोण, त्यांचा नंबर द्या, म्हटलं
तर नुसता पिवळा अंगठा.

गंमत सांगते.
सातारा रोडला झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या टेबलावर
मी भाडेकरार टाइप करते. दिवसाला सहा, मे-जूनमध्ये दहा.
"सदर मिळकत पाहून, तपासून, पसंत करून घेतली आहे."
"मुदत संपताच आहे त्या स्थितीत परत करावी."
ही वाक्यं माझ्या बोटांना झोपेत येतात.
स्वतःच्या करारावर सही करताना
मी फक्त पत्त्यातला पिनकोड तपासला.

मार्चअखेर घर सोडलं.
खळदकर म्हणाले, रंगाचे अठरा हजार डिपॉझिटमधून.
मी वाद घातला नाही. त्यांना भिंतीसमोर उभं केलं.
सोळा रेघा. सोळा तारखा.
खाली प्लंबरच्या चिठ्ठीची झेरॉक्स:
"वरच्या मोरीचा पाइप लीक. जुना आहे."
त्यांचेच मेसेज, छापून, स्टेपल मारून.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
ती वाफ काही माझ्या कुकरची नव्हती.

चौदा हजार सोडले. चार अडकवले.
ते मी दर महिन्याच्या पाच तारखेला मागते,
ज्या तारखेला ते भाडं मागायचे.

परवा लातूरची दोघं आली, करार करायला.
तिच्या हातात अजून हिरवा चुडा, मांडीवर फाइल.
एजंट बाहेर फोनवर.
पत्ता वाचला आणि माझी बोटं थांबली.
तोच मजला. तीच खोली. वरून आता पिस्ता रंग.

"मागच्या खोलीतली भिंत हात लावून पाहिलीत?"
"नवीन रंग आहे ना, लागेल म्हणून नाही लावला."

कलम दहानंतर मी एंटर मारला.
अकरा. ओल, गळती वा बुरशी आढळल्यास
कळवल्यापासून पंधरा दिवसांत
मालकांनी स्वखर्चानं दुरुस्ती करावी;
तिच्यापोटी अनामत रकमेतून कपात होणार नाही.

नवरा म्हणाला, "मालक नाही म्हणाले तर?"
"तर का नाही म्हणतात, ते विचारा.
सही करायच्या आधी."

कागद बाहेर आला. गरम, कोरडा.
तिनं तो मांडीवर घेतला
आणि एजंटचा फोन संपेपर्यंत
ओळीखाली बोट धरून
पहिल्यापासून वाचत राहिली.