एकोणीस दाते

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत
शटर अर्ध्यावर ओढून मी दुपार काढतो.
लेथ थंड होत नाही, मीही नाही.

हमूद बिन नासर आला तेव्हा
त्याच्या मुठीत सुपारीएवढं चाक होतं,
रुमालात, तेलकट, तीन दाते उडालेले.
'डॅटसन,' तो म्हणाला. 'अठ्ठ्याहत्तरची.'
एवढंच.

तो सगळीकडे फिरून आला होता.
कुंजुमोननं काउंटरखालचा जाड कॅटलॉग काढला,
थुंकी लावून पानं उलटली, नंबर सापडला,
नंबरापुढे फुली.
बरकाच्या पुढे दाद मोहम्मदच्या भंगारात
तीन डॅटसन एकमेकींच्या पाठीवर,
तिघींचेही गिअरबॉक्स आधीच कुणी नेलेले,
त्या जागी मांजर व्यायलेली.
शारजाहून एक चाक आलं, बसलं नाही.
एक ओसाकाहून निघालंय, ते अजून येतंय.

मी चाक रॉकेलमध्ये बुडवलं,
काळं सुटलं, आणि खाली पितळ!
कंपनीचं असतं नायलॉनचं, पांढरं.
म्हणजे हे आधीच कुणीतरी घडवलेलं.
भिंगाखाली दाते मोजले, उडालेल्यांच्या बुंध्यांसकट.
एकोणीस.
पुन्हा मोजले. एकोणीस.
हवेत वीस.

(उद्यमनगरात यल्लाप्पा मेस्त्री म्हणायचा,
'दात मोजताना बोलू नगंस,
मोजून झाल्यावर बी लगीच बोलू नगंस.'
मग मी बोललो नाही.)

चाकाच्या पोटात, शाफ्ट बसतो तिथं,
टोच्यानं बारीक कोरलेलं: १९.
आपले आकडे. नऊची शेपटी खाली ओढलेली,
माझ्या पाटीवर असायची तशी.
कोण होतास रे?
चुकला असतास तर लिहिलं नसतंस.
वीस दाते निघतील एवढं पितळ नव्हतं का?
का मालक दारात उभा, उद्या शुक्रवार,
आणि हाताला लागला तो तुकडा तू चकमध्ये धरलास?
हमूदला चेहरा आठवत नाही.
'एक हिंदी होता. इथंच. निळं शटर.'
इथली सगळी शटरं निळी आहेत.

मी त्याला समजावलं, अरबी येतं तेवढ्यात:
एक दात कमी, म्हणून चाक जादा फिरतं.
निझवा एकशे साठ असेल
तर तुझी गाडी एकशे अडुसष्ट सांगते.
बरोबर करून देतो. वीस.

त्यानं कुम्मा काढली, कपाळ पुसलं.
'चोवीसला चहा,' तो म्हणाला.
'त्र्याण्णवला थांबायचं, वादीला पाणी आहे का बघायचं.
एकशे अडुसष्टला माझ्या बापाच्या बागेचं फाटक.
एकशे साठला काय आहे?'
मला माहीत नव्हतं.
'खडक,' तो म्हणाला.

रात्री डिव्हायडिंग हेडची प्लेट बदलली.
एकोणीस भोकं. पिन टिचकन बसली की कटर,
मागं घ्यायचं, पुन्हा टिचकन.
सतरावा दात काढताना घरून फोन वाजला.
घेतला नाही.
पहाटे ब्रशनं बर झाडली, चाक तळव्यावर ठेवलं,
कोमट होतं, नुकत्याच दिलेल्या अंड्यासारखं.

डॅटसन गल्लीतून एक फेरी मारून आली.
गिअरबॉक्सखालून बारीक गुणगुण,
वीस दात्यांच्या चाकानं केली नसती अशी.
'हाच,' हमूद म्हणाला, 'हाच आवाज,'
आणि मीटरकडे बघितलंसुद्धा नाही.
तीन रियाल दिले, वर पिशवीभर वाळकी लिंबं.

फोन मग लावला. आई विचारत होती, कधी येतोस.
म्हटलं, चार महिने.
मागच्या खेपेलाही चारच म्हटलं होतं, ते सात झाले.

एक गोष्ट हमूदला सांगितली नाही.
पितळ उरलं होतं, म्हणून चाकं दोन काढली.
दुसरं माझ्या बिस्किटाच्या डब्यात आहे,
वॉशर आणि तुटक्या ड्रिलांखाली.
पोटात कोरलंय १९,
नऊची शेपटी जमेल तेवढी खाली ओढून.