चौथं कारीट

बोनस हातात पडला तेव्हा साडेसहा झालेले.
उद्यमबागेत भट्टी निवायला आली होती
आणि कॅशियर एकेक नोट दोनदा मोजत होता,
जशी काय त्याच्याच खिशातून चाललीय.

गणपत गल्लीच्या तोंडाशी
माणसांना पाय नव्हते, नुसती डोकी आणि पिशव्या.
कुणाच्या आकाशकंदिलाची काडी माझ्या कानात,
माझं कोपर कुणाच्या तरी बरगडीत.
"कुठं घुसूलास रे, डोळे घरात ठेवून आलास काय?"
मीही म्हणालो काहीतरी.
ते इथं लिहीत नाही.

खडेबाजारात शटर अर्ध्यावर आलेलं.
"किती वर्षाची पोरगी?"
"सहा. नाही, सातवं लागलं."
"वय नको, माप सांगा," दुकानातला पोरगा खेकसला,
"आम्हाला पण घर आहे."
माप मला ठाऊक नव्हतं.
माझ्या हाताला तिची उंची ठाऊक, कमरेच्या जरा वर,
पण ती कुठल्या नंबरात बसते?
शेजारी मोजे घेत असलेल्या एका मामानं
आपली पोर माझ्यापुढं उभी केली:
"तमन्ना, सीदी खडी रह गे."
ती ताठ राहिली, श्वास धरून,
फोटो निघणार असल्यासारखी.
मी फ्रॉक तिच्या खांद्यांना लावला. पिवळा.
तिनं एकदाच खाली वाकून झालर बघितली
आणि लगेच दुसरीकडं बघितलं,
मोठ्या माणसासारखं.

उटणं, पणत्या, वाती.
मजगावच्या बसला वीस मिनिटं होती
तेव्हा आठवलं, कारीट.
मारुती गल्लीच्या कोपऱ्यावर कडोलीची म्हातारी
बुट्टी उपडी करायच्या बेतात. तळाला सात.
मी हात घातला, तर तिथं आणखी एक हात होता,
हिरव्या काचेच्या बांगड्यांचा.

मला कन्नड दोन कामांपुरतंच येतं,
भाव पाडायला आणि भांडायला.
भाव पाडायला वेळ नव्हता.
सुपरवायझर मला जे जे बोलतो
ते सगळं तिला बोललो, त्याच क्रमानं.
बाई गप्प. घामानं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेलं,
पुसायला हात मोकळा नव्हता,
कारण तो अजून बुट्टीतच होता.
म्हातारी म्हणाली, "वाटून घेवा की दोघं,
सण हाय, कुस्ती न्हवं."

मग बाईनं विचारलं,
"मन्याग एष्ट मंदि अदीरि?"
तोंडातून गेलं, "नाक."
सवयीनं गेलं. चार ताटं, चार टॉवेल, चार.
थोरला आषाढात पुण्याला लागला,
सुट्टी नाही म्हणून कालच फोन होता.
तिनं चार माझ्या पिशवीत टाकली,
चाचपून, टपोरी बघून.
उरली तीन पदरात बांधली.
पैसे दिले तिनंच आधी, तिच्या तिनाचे,
सुट्टे, घामानं ओले.

"आणि तुमच्याकडं?" मी विचारलं. मराठीतच विचारलं,
एवढं साधं वाक्य मला त्या भाषेत येत नव्हतं.
ती निघालीच होती.
न वळता हात वर केला, पाच बोटं,
"इरलि बिडरि."
मग एका हातगाडीआड गेली.

पहाटे तुळशीपाशी
डाव्या अंगठ्याखाली तीन फुटली.
पोरीनं कडू रस जिभेला लावून असं तोंड केलं
की बायको हसताना उटणं सांडली.
फ्रॉक एक बोट लांब झाला.
"हे कुणाचं?" बायकोनं चौथं उचललं.
मी म्हणालो, थोरल्याचं.
तिनं ते परत जागेवर ठेवलं, हळू,
आणि बंब बघायला आत गेली.

पाडव्यापर्यंत ते तिथंच सुकत होतं.
रोज कामावर जाताना मला दिसायचं.
थोरल्याचं नव्हतं ते.