एक्क्याऐंशी टक्के

सजा, शारजा. मी कॅम्पातला टाइमकीपर.
पूर्वी हजेरीला वही होती,
आणि खोट्या तापाला माझी थोडी डोळेझाक.
आता दारावर काच आहे.
माणूस समोर आला की हिरवी होते,
मला कुणाला ओळखावं लागत नाही.

दर गुरुवारी पडद्यावर यादी येते:
कोण पळून जाईल, किती टक्के.
त्या गुरुवारी सगळ्यात वर
मुबीन हुर्जूक, बाणकोट, शटरिंग कारपेंटर.
एक्क्याऐंशी.

खाली कारणं, बारीक अक्षरांत.
बॅग घेतली, मोठी, चाकांची.
पगार झाला त्याच रात्री सगळा गावी पाठवला.
मध्यरात्रीनंतर फाटकापाशी उभा असतो.
फोन तीन तास चालू, शब्द एकही नाही.

शब्द कुठून असणार?
पलीकडे त्याचे बाबा झोपलेले असत,
फोन उशीशी,
आणि हा इथे कुंपणाला टेकून
त्यांचे श्वास मोजत असे.
फाटकापाशी रेंज बरी येते, एवढंच.
म्हातारा तरुणपणी फत्तेमारीवर होता,
कौलं घेऊन बसऱ्याला, खजूर घेऊन परत.
नाखव्याच्या वहीत नाव लागलं की झालं,
असं मुबीन सांगायचा, खबूस मोडता मोडता.

मी हे ऑफिसात सांगितलं.
साहेब म्हणाले, सिस्टिमला श्वासांचा रकाना नाही.
वाईट माणूस नव्हे;
त्यांच्याही नावापुढे कुठेतरी आकडा असणार.

रजा नामंजूर. पासपोर्ट तिजोरीत.
रात्री दहानंतर फाटकाकडे जायला बंदी.
नवव्या रात्री खोलीतच, पांघरुणाखाली,
फोन चालू होता
आणि मोजायला काही उरलं नव्हतं.

सकाळी मुबीन बसमध्ये चढला नाही.
बॅग खाटेखालीच होती. आत
वाफ घ्यायचं मशीन, खोक्यात,
बिल अजून चिकटलेलं.

दुपारी पडद्याने मला विचारलं:
अंदाज बरोबर ठरला का?
होय. नाही.
तिसरं बटण नव्हतं,
तूच पळवलंस त्याला, असं म्हणायचं.
‘नाही’ म्हणावं तर खाट रिकामी.
‘होय’ म्हणावं तर ते शिकणार,
आणि उद्या दुसऱ्या कुणाचा मुका फोन
त्याच्या कानाला लागणार.

अंगठा अधांतरी राहिला. अकरा सेकंद.
तेही कुणीतरी मोजले.
या गुरुवारच्या यादीत,
तळाशी का होईना,
माझं नाव आहे.