पांढऱ्याचं गिऱ्हाईक

हिंदमात्याला, पुलाच्या सावलीत आमचं दुकान.
खालचे दोन खण जून लागला की रिकामे करतो,
पाणी उंबरठ्याशी हुज्जत घालत नाही.
तिसऱ्या खणापासून मांजरपाट सुरू.

एकतीस वर्षं मी पांढरं विकतोय.
रंगीत माल समोर, तिथे प्रफुल्ल बसतो.
त्याच्याकडे गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहतं,
पदर खांद्यावर टाकून बघतं,
बारा घड्या मोडून निघून जातं.
माझ्या बाजूला आरसा नाही.
मांजरपाट अंगाला लावून कुणी बघत नाही.

माझ्याकडे माणसं आकड्यांत बोलतात.
अर्धा मीटर म्हटलं की समजायचं,
उद्या घरी पाहुणे, आज चक्का टांगणार,
मोरीच्या नळाला रात्रभर थेंब थेंब.
दीड, आणि वर ‘जरा मऊ बघा हो’ :
सुनेला आठवा लागलाय.
वझेबाई दर मार्चला चार मीटर नेतात, कुरडयांना.
मागच्या वर्षीचं कुठे गेलं, विचारलं एकदा.
म्हणाल्या, त्याचं फडकं झालं,
फडक्याचं पोतेरं झालं,
पुढचं पोतेऱ्याला विचारा.

आणि एक माप असं
ज्याला आम्ही माप म्हणत नाही.
ते गिऱ्हाईक भाव करत नाही.
पट्टीकडे बघत नाही.
चप्पल बाहेर काढतं, दुकान असून.
वेलजीशेठनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं :
अशा वेळी कात्री लावायची नाही.
काठ दातानं तोडायचा, मग एका दमात फाडायचं.
आणि सुटे परत देताना
‘या’ म्हणायचं नाही.

तो फाटण्याचा आवाज झाला
की समोर प्रफुल्लचे हात घडीवरच थांबतात.

परवा दुपारी एक पोरगा आला. बावीसचा असेल.
भुवयांवर पांढरी धूळ. चप्पल दाराबाहेर.
‘पांढरं द्या. साडेपाच मीटर.’
भाव विचारला नाही.

मी कात्री बाजूला सरकवली.
काठ दाताखाली धरला.
फाडलं.
घडी दोन्ही हातांनी पुढे केली,
आणि एवढ्या वर्षांत न विचारलेलं विचारून बसलो,
‘घरातलं कोण?’

‘बायको,’ म्हणाला. मग माझं तोंड बघून घाईनं,
‘म्हणजे बायकोनं सांगितलंय.
जुळ्या झाल्या काका, काल रात्री, वाडियात.
लंगोटांना हवंय.’
‘मग चप्पल?’
‘सिमेंटची आहे. तुमची फरशी खराब झाली असती.’

प्रफुल्ल हसला. मीही हसायला हवं होतं.
मी त्या घडीकडे बघत होतो.
कापडाला काय कळतं, कुणासाठी फाटलं.
पण मला कळत होतं ना,
दाताला अजून खळीची चव होती.

म्हटलं, हे असंच नको गुंडाळूस त्यांना.
नव्याला खळ असते, कातडी सोलते.
दोन उकळ्या दे. उन्हात टाक. मग चोळ.
‘आणि तोवर?’

तोवर.

गादीवरची चादर ओढली.
आमच्याच ताग्यातली, सात-आठ वर्षांची,
दर सोमवारी धुतलेली,
माणसांच्या बसण्यानं सायीसारखी झालेली.
कोपऱ्यात शाईचा एक डाग, तो माझा.
म्हटलं, ही घे. जुनंच लागतं पहिलं.
वेलजीशेठ असते तर हिशेब विचारला असता,
किंवा नसता विचारला.

दारापर्यंत गेलो.
‘या,’ म्हटलं.
तो पायरी उतरला, सिमेंटच्या चपलेत पाय घातला,
तेव्हा पुन्हा एकदा म्हटलं. दोघी आहेत.

गादीवर आता नवी चादर आहे.
बसलं की कुरकुरते.