आम्ही की आपण

इथे सकाळचे सहा, जागृतीकडे कालची रात्र, साडेआठ.
मी ओट्यावर, घणसोली गावठाणात.
मांडीवर झेरॉक्सवाल्याने स्पायरल घातलेले शंभर प्रश्न,
चष्मा तिच्या आईचा, माझा सापडत नाही.
"विचारा बाबा," ती म्हणते. भांडी घासतेय, नळ ऐकू येतो.

सरकारच्या शाखा किती?
तीन.
एकीनेच सगळं गिळू नये म्हणून काय केलंय?
ती पाठ केलेलं सांगते : सत्तेची विभागणी, एकमेकींवर अंकुश.
मला पटतं. कंपनीत मी बॉयलरवर तीस वर्षं.
दाब वाढला की वाफ सोडणारा व्हॉल्व्ह
बॉयलर चालवणाऱ्याच्या हातात नसतो,
त्याला सील असतं,
आणि सील तपासणारा साहेब वेगळ्या खात्याचा.
"बाबा, पुढचा."

सिनेटर? शंभर. किती वर्षांसाठी? सहा.
वरच्या कोर्टात न्यायाधीश? नऊ, तहहयात.
"मरेपर्यंत?" आतून तिची आई. "आन् पेन्शन?"

कायद्याचं राज्य म्हणजे?
कायद्याच्या वर कुणी नाही.
गल्लीतून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत जाते,
तेवढा वेळ मी थांबतो.

शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात दुरुस्त्या आहेत.
पाचवीचा अर्थ भाच्याकडून लावून घेतला,
पेन्सिलीने समासात लिहिला :
खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची
तर न्याय्य मोबदल्याशिवाय नाही.
"हे परीक्षेत नाही, बाबा."
माहीत आहे.
न्याय्य म्हणजे किती, ते कोण ठरवतं?
नळ बंद होतो.
"कोर्ट," ती म्हणते. मग, "बहुतेक."

आबांना नोटीस आली तेव्हा मी नववीत. मीच वाचून दाखवली.
'आपली जमीन संपादित करण्यात येत आहे.'
आबा हसले. बघ, सरकार आपली म्हणतंय,
म्हणजे त्याचीपण, आपलीपण.
मग भात कापायला येऊ दे की विळा घेऊन.
त्यांना कुणी सांगितलं नाही
की कागदावरचं 'आपली' म्हणजे 'तुमची',
आणि तीही अंगठा उमटेपर्यंत.
मोबदल्यात आत्याचं लग्न झालं, एक सायकल आली.
खारीतलं ते शेत आता सेक्टर आहे.
बांध होता त्याच्यावर कुठेतरी पोडियम,
तिथे मुलं स्केटिंग शिकतात.

शेवटचा. संविधानाचे पहिले तीन शब्द?
ती इंग्रजीत म्हणते, मग माझ्यासाठी : आम्ही, लोक.
इंग्रजीत सोपं आहे, एकाच शब्दात भागतं.
मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं,
ऐकणारा धरून, की ऐकणारा सोडून.
आपल्या संविधानातही 'आम्ही'च आहे.
शाळेत शंभरदा म्हटलं, कधी अडलो नाही.

मंगळवारी मुलाखत. पास झाली की शपथ,
हात वर करून, जुन्या निष्ठा सोडल्या असं मोठ्याने.
ते पान मी उलटलं.
तिनेही आठवण केली नाही.

"किती बरोबर आले?"
सगळे.
"मग उद्या आपलं सहालाच ना, बाबा?"
आपलं, म्हणाली.
हो म्हटलं, फोन ठेवला,
चष्मा तिच्या आईला परत दिला.
तिला तांदूळ निवडायचे होते, विकतचे.