किरकोळ

एकतीस मार्च. पंखा तीनवर.
फॉर्म विचारतो: किती आले, कशावर गेले,
उरले असल्यास का उरले.
एकवीस वर्षं मी हेच भरते.
दिल्लीहून आलेला पैसा दिल्लीलाच परत सांगते,
माहेरी सासरचं सांगावं तसा,
थोडं गाळून.

नव्या धोरणाचं पत्रक टेबलावर आहे.
त्यात 'प्रतिभा' सात वेळा येते, 'नवोन्मेष' अकरा वेळा.
मोजलंय. मोजणं माझं कामच.

त्याच योजनेतून आलं ते यंत्र,
ब्याऐंशी लाखांचं, रसायनच्या तळमजल्यावर.
नारळ फुटला, फोटो झाला,
आणि सतराव्या दिवशी आतली एक काचेची नळी तडकली,
करंगळीएवढी.
कंपनीनं कळवलं: सुटा भाग नऊ आठवड्यांत,
चार लाख दहा हजार, विमा वेगळा.
माझ्याकडे त्याला शीर्ष नव्हतं.
'यंत्रसामग्री' संपलेलं.
'प्रवास' भरलेलं, पण नळी कुठे प्रवासाला निघाली होती!

भीखाभाई पंचाल ती रुमालात गुंडाळून घेऊन गेले,
मागच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी सायकली ठेवत.
"बेन, चाळीस मिनिट," म्हणाले.

मी बघायला गेले. फायलींना कंटाळले होते.
ज्योत पेटली तर काच दिसेचना,
नुसता पिवळा भडका.
त्यांनी आपला जांभळट चष्मा माझ्या नाकावर ठेवला
आणि पिवळं सगळं विझलं.
उरली मधासारखी वाकणारी ती नळी,
आणि तोंडात रबर धरून तिच्यात फुंकणारा माणूस:
पोराच्या डोळ्यात गेलेलं कुसळ फुंकावं,
तितकंच.

चाळीस नाही, सदतीस लागली.
यंत्र चाललं. अजून चालतंय.

भीखाभाई जूनमध्ये निवृत्त होतील.
माणूस निवृत्त होतो, ते समजतं.
इथे पदही त्याच्याबरोबर घरी जाणार.
'काच फुंकणारा, वर्ग तीन' अशी ओळ
नव्या तक्त्यात नाही.
तक्त्यात 'कौशल्य समन्वयक' आहे,
कराराने, अकरा महिने.

अनुजा शितोळे मात्र रोज चारला शेडमध्ये हजर.
हिची शिष्यवृत्ती नोव्हेंबरपासून अडकलीय.
पोर्टल म्हणतं: प्रक्रियेत.
फतेगंजची घरमालकीण म्हणते: भाडं.
संध्याकाळी दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवते,
त्याच्याआधी काच शिकते.
"अगं, पीएचडीत याला कोण विचारतंय?" मी म्हटलं.
"काकू, सगळ्या प्रयोगाची हवा एका सांध्यातून गळते.
तो सांधा मला यायला हवा."

तिचा पहिला फुगा वाकडा आला.
"विश्वामित्रीच्या मगरीचं अंडं," भीखाभाई हसले,
पण फेकू दिला नाही.
दुसरा फुटला. तिसऱ्यात बोट भाजलं.
आता कितवा आहे, मी मोजला नाही.
मी, आणि मोजला नाही.

पहिला माझ्याकडे असतो,
पत्रकावर, वजन म्हणून.
वारा आला की कडा फडफडतात,
मधला मजकूर जागचा हलत नाही.

पावणेआठ. इमारतीत मी आणि शिपाई.
रकाना नऊ: निर्माण झालेली मालमत्ता.
लिहिलं: यंत्र, एक.
थांबले.
लेखापरीक्षक विचारेल.
विचारू दे की.
खाली 'किरकोळ' शीर्षात एक ओळ वाढवली:
काचकाम, भीखाभाई पंचाल, सदतीस मिनिटं,
रुपये शून्य.

आणि सही या खेपेला
वाचता येईल अशी केली.