कलम चौदा, पोटकलम क

द्रावा नदीच्या काठावर आमचं शहर लहान,
नियम मात्र ऐसपैस.
चौकात वाजवायचं तर सकाळी दहानंतर,
एका जागी एकच तास,
मग किमान ऐंशी पावलं सरकायचं
(पावलं कुणाची, ते लिहायचं राहून गेलंय).
दुपारी एक ते तीन शांतता.
माकड, मशाल, ध्वनिक्षेपक वर्ज्य.
टोपी जमिनीवर ठेवावी, लोकांपुढे फिरवू नये.
आणि कलम चौदा, पोटकलम क:
अर्जदारास निदान वीस वेगवेगळ्या धुना याव्यात,
दुकानदारांच्या कानांवर तेच ते आदळू नये म्हणून.

हे सगळं मीच टाइप केलंय.
खोली क्रमांक सहा. हिवाळ्यात
खिडकीखालच्या रेडिएटरवर माझे मोजे वाळत असतात.

व्हिन्को झोरेत्स आला फेब्रुवारीत,
अकॉर्डियन बाळाच्या ढकलगाडीत, वरून प्लास्टिक.
रकाना सात: धुनांची नावं.
त्यानं एक लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.
म्हणाला, नावं बायकोला माहीत होती.
भांडी घासता घासता ती सांगायची,
आता ते वाजव, नाही रे, ते दुसरं.
मी म्हटलं, वीस लागतात.
तो म्हणाला, बोटांना विचारा.
बोटांचं आमच्याकडे चालत नाही,
अंगठा तेवढा चालतो, शाईत बुडवलेला.

घोडं तिथंच अडलं.
अर्ज परत. तारीख. शिक्का.
तरी तो वाजवत राहिला, दोनदा दंड भरून,
औषधाच्या दुकानासमोर, लिंडनच्या झाडाखाली,
आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागली.

येलिका ह्रास्टनिक, औषधविक्रेती.
निळी शाई, दुकानाचीच पाकिटं,
खोकल्याच्या गोळ्यांचा वास.

मंगळवार. आज परत ती, बोकड जिना उतरतो तशी.
बुधवार. ओल्या चादरी पिळल्यासारखी. अकरा मिनिटं.
शुक्रवार. नवीनच काही. सुरुवात लग्नाची, शेवट कर्जाच्या हप्त्याचा.
शनिवार. बोकड दोनदा. गोळ्या मोजताना माझा आकडा चुकला.
सोमवार. ज्यात तो मधेच थांबतो
आणि मीही, हातात मलमाची नळी.
हे सहन होत नाही. कारवाई करावी.

कारवाई म्हणून मी फाइल उघडली.
मे महिन्यातली संध्याकाळ, ऑफिस रिकामं.
पत्रं टेबलावर पसरली, पेन्सिल घेतली.
बोकड, एक. चादरी, दोन. हप्ता, तीन.
दाढ काढून आलेला माणूस हसू बघतो ती, चौदा.
बर्फावरून सायकल हातानं नेणारा पोस्टमन, सतरा.
एकोणिसावर पत्रं संपली.

एकोणीस.
सवलतीचं कलम शोधलं. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानात गेले,
डोकेदुखीची गोळी मागितली,
मग विचारलं, आणखी एखादी तक्रार?
बाईंनी गल्ला बंद केला.
सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले, एकेक करून.
म्हणाल्या, एक आहे.
पण ती तो दुकान मिटल्यावर वाजवतो,
मी आतला दिवा घालवते तेव्हा.
तिची तक्रार नाही माझी.
कशासारखी आहे?
कशासारखीच नाही.
मी म्हटलं, तसंच लेखी द्या.

परवाना क्रमांक एकतीस.
जोडपत्र अ: तक्रारी, एकोणीस.
जोडपत्र ब: एक पाकीट,
वर निळ्या शाईत नुसती वेळ,
सहा वाजून पाच मिनिटं.
साहेबांनी सही केली, न वाचता,
नेहमीसारखी.

जूनमध्ये पुन्हा पत्र.
अर्जदार आता नियमानं वागतो.
अकरा वाजले की गाडी ढकलत पार
बूटवाल्याच्या दाराशी जातो, तिथून
मला फक्त खालचे सूर ऐकू येतात.
ऐंशी पावलं म्हणजे नक्की कुणाची?

मी पाच फूट. त्यातही आखडती पावलं टाकत
काल मोजून आले.
बूटवाल्याच्या बरंच अलीकडे भरतात.